जनतेच्या विजेवर चालणारं घड्याळ

मी घरी बनवलेल्या घड्याळात कोणताही दोष नव्हता, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. दोष विजेत होता, जनरेटरमध्ये होता, मंगल कार्यालयाच्या व्यवस्थेत होता आणि थोडाफार भौतिकशास्त्रातही होता. घड्याळ निर्दोष होतं. तरीही आमच्या घरात कुणी नुसतं "किती वाजले?" विचारलं, की आजही सगळे आधी माझ्याकडे बघतात आणि मग हसतात.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा नगरमधल्या एका शाळेत शिक्षक होते आणि शाळा सुटली की पत्रकं काढायचे. पाणीटंचाई, हुंडा, बुवाबाजी, रस्त्यातले खड्डे, खड्ड्यातले रस्ते, विषय कोणताही चालायचा. इतर मुलांना झोपताना चिऊकाऊच्या गोष्टी ऐकवतात, मला मसुदा ऐकवला जायचा. "बंधू-भगिनींनो, जागे व्हा!" हे ऐकत मी झोपले. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहायला लागले आणि दोन शत्रू ठरवून घेतले: एक मुहूर्त, दुसरा उशीर. आपल्याकडची गंमत बघा! ग्रहताऱ्यांचा हिशेब करून मिनिटासकट मुहूर्त काढायचा, तो पत्रिकेत ठळक छापायचा आणि लग्न लावायचं दीड तास उशिरा! म्हणजे अंधश्रद्धासुद्धा आपण धड पाळत नाही!

अशा माझ्या घरात ताईचं लग्न ठरलं. नवरा मुलगा राहात्याचा, सागर. अत्यंत सज्जन. त्याला लहानाचं मोठं केलं त्याच्या आत्याने, आणि आत्याबाई म्हणजे चालतंबोलतं पंचांग. बाबांना फक्त नोंदणी विवाह हवा होता. आत्याबाईंना सगळं साग्रसंगीत हवं होतं. चहाच्या बऱ्याच फेऱ्यांनंतर तह झाला: नोंदणी आधी होईल, मग कार्यालयात अंतरपाट, मंगलाष्टकं आणि जेवण. हुंडा नाही, मानपान नाही. पण मुहूर्त मात्र आत्याबाईंचा. दुपारी बारा पस्तीस.

बाबांनी हो म्हटलं! मी त्या दिवशी निषेध म्हणून जेवले नाही. (संध्याकाळी भेळ खाल्ली, पण भेळ जेवणात धरत नाहीत.)

"अगं मुक्ता, एवढं काय त्यात?" ताई म्हणाली. "त्यांनी आपलं चार गोष्टींत ऐकलं, आपण त्यांचं एका गोष्टीत ऐकलं."

"तत्त्वाचा प्रश्न आहे!"

"तत्त्व तुझं आहे. लग्न माझं आहे."

यावर उत्तर म्हणून मी पत्रक काढलं. लग्नपत्रिकेच्या प्रत्येक पाकिटात ते घातलं. मथळा होता 'हे लग्न वेळेवर लागेल!' आणि खाली ठळक अक्षरांत, 'कोणासाठीही थांबले जाणार नाही. वेळ ही सर्वांची आहे, ती चोरण्याचा अधिकार कोणालाही नाही!' आईने ते वाचून डोक्याला हात लावला. "आमंत्रण आहे का नोटीस?"

पण नुसत्या पत्रकाने क्रांती होत नाही, साधनं लागतात. माझं साधन आमच्या गॅलरीत तयार होत होतं.

औद्योगिक वसाहतीजवळच्या एका भंगारवाल्याकडे मला एक जुनंपुराणं मोजयंत्र मिळालं होतं. त्याच्या तोंडावर छोट्या छोट्या काचेच्या नळ्या होत्या. निक्सी नळ्या म्हणतात त्यांना. एकेका नळीत शून्यापासून नवापर्यंतचे आकडे बारीक तारेत वळवून एकामागे एक उभे केलेले असतात आणि भोवती निऑन वायू भरलेला असतो. ज्या आकड्याला वीज द्याल तो नारिंगी पेटतो, बाकीचे त्याच्या मागेपुढे अंधारात गप उभे. पहिल्यांदा त्यातला पाच उजळला तेव्हा मी पाचाकडे बघतच राहिले. पाच इतका देखणा असतो हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

या नळ्यांना पावणेदोनशे व्होल्ट लागतात. ते एकदा मलाही लागले. मी किंचाळले, आई लाटणं घेऊन धावत आली. (लाकडाने सोडवायचं असतं हे तिला माहीत होतं. मी सुटले होते, तरी तिने एक लाटणं मारलंच.) तास-मिनिटांच्या चार नळ्यांपैकी एकीतला आठ मेलेला होता. मग ती नळी मी तासांच्या दशकाच्या जागी बसवली, कारण तिथे शून्य, एक आणि दोन यापलीकडे काही लागतच नाही. अधूपणा असलेल्याला नीट जागा दिली की तो पुरेपूर काम करतो, यावर माझं एक स्वतंत्र पत्रक आहे.

आता मुख्य प्रश्न. घड्याळाला मोजायला एक ठोका लागतो.

"सेलवर चालणारी छोटी चिप मिळते की," ताई म्हणाली. "नाहीतर इंटरनेटवरून वेळ घे. सगळे तेच करतात."

"सगळे करतात म्हणूनच नको! माझ्या घरात किती वाजले हे मला एखादी परदेशी कंपनी सांगणार?"

"मग कोण सांगणार?"

"जनता!"

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. माझं घड्याळ ते हेलकावे मोजायचं. पन्नास झाले की एक सेकंद. साऱ्या देशाच्या गिरण्या, पंप आणि मिक्सर ज्या ठोक्यावर चालतात, त्याच ठोक्यावर माझं घड्याळ! जनतेची वीज, जनतेची वेळ! हे मी बाबांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा चष्मा ओला झाला. घरी ते घड्याळ अनेक आठवडे बिनचूक चाललं. वीज गेली की मात्र चारही आकडे शून्यावर यायचे आणि पुन्हा वेळ लावावी लागायची. ही बाब मी 'किरकोळ' या सदरात टाकली.

आणि आता मामा.

आईचा थोरला भाऊ, पारनेरकडे शेती करणारा आमचा एकुलता एक मामा. आयुष्यात कुठेही वेळेवर पोचला नाही. माझ्या बारशाला तो आला तेव्हा मी रांगत होते, असं आई सांगते. (अतिशयोक्ती आहे. मी नुसती पालथी पडत होते.) त्याला स्वतःची मुलगी नाही. ताई चड्डीत फिरायची तेव्हापासून तो तिला उचलून सांगायचा, "तुझ्या लग्नात तुला मांडवात मी आननार. हाताला धरून. फेटा बांधून." आमच्याकडे नवरीला मांडवात मामाच आणतो, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी तोच उभा राहतो. बाकी कशाला त्याने हक्क सांगितला नाही, एवढ्याला सांगितला.

म्हणून मी त्याला मुद्दाम फोन केला.

"मामा, बारा पस्तीस म्हणजे बारा पस्तीस. या वेळी कुणासाठी थांबणार नाही."

"मुक्ते, तू मला वळखत न्हाईस व्हय?"

"ओळखते म्हणूनच सांगतेय."

"आगं, मामाबिगर नवरी मांडवात यील का? घोड्याबिगर वरात व्हय ती!"

"मामा, घोडा वेळेवर येतो."

मग मामा हसला, पण थोडा कमीच. "बरं, यीन. तुझ्या मामीला इचार. या टायमाला म्या लई मनावर घेतलंय. फेटा आनून ठिवलाय. जरीचा."

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही कार्यालयात पोचलो तर लाईट नाही. दुरुस्तीसाठी बंद, कधी येईल सांगता येत नाही. मागच्या अंगणातला जनरेटर चालू केला होता. त्याचा आवाज असा, की सनईवाल्याने सनई पुन्हा पिशवीत ठेवली. पण पंखे मात्र काय फिरत होते! मी इतके जोरात फिरणारे पंखे पाहिले नव्हते. बायकांचे पदर उडत होते, पाहुणे माना वर करून "वा! वा!" म्हणत होते. सागरचे काका तर म्हणाले, "कार्यालय असावं तर असं! हवा काय आहे!"

त्या पंख्यांकडे बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. मी घड्याळ व्यासपीठावर ठेवलं, जनरेटरच्या विजेवर लावलं आणि बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाशी सेकंदासकट जुळवलं. आकडे उजळले. लोक गोळा झाले. व्हिडिओवाल्याने तर एक कॅमेरा घड्याळावरच रोखला आणि व्यासपीठाशेजारच्या मोठ्या पडद्यावर माझे नारिंगी आकडे पुरुषभर उंच होऊन झळकायला लागले! आई हळूच येऊन घड्याळाला हळदीकुंकू लावून गेली. मी तत्त्व म्हणून ते पुसलं. आत्याबाईंनी येऊन पुन्हा लावलं.

सकाळ सरली. माझ्या पत्रकाचा धसका असा, की कधी नव्हे ते सगळे पाहुणे लवकर हजर होते. फक्त मामाचा पत्ता नव्हता.

बाराच्या सुमारास पहिली कुरबुर झाली. गुरुजी मनगटाकडे बघत म्हणाले, "माझ्यात वेगळी वेळ दिसतेय. पुष्कळ मागे दिसतंय."

"सेल बदला," मी प्रेमाने म्हटलं.

त्यांनी एकदा पडद्यावरच्या धगधगत्या आकड्यांकडे बघितलं, एकदा आपल्या बारक्या काट्यांकडे, आणि काटे पुढे सरकवले. बाबांनी तर कुणी न सांगताच आपलं घड्याळ पुढे केलं. ज्या घड्याळाशी मी माझं घड्याळ सकाळी जुळवलं होतं, तेच! "म्हातारं झालं बिचारं," म्हणाले, आणि शेजारच्या गृहस्थांना सांगू लागले, "धाकटीने बनवलंय. स्वतः. भंगारातून." एक कॉलेजातला पोरगा म्हणाला, "पण मोबाईलमध्ये तर अजून..." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मोबाईल बंदच करून टाकला. आता कळतं, त्या मांडवात तीनशे घड्याळं बरोबर होती आणि एक चूक होतं. पण ते एक पडद्यावर होतं!

मुहूर्त जवळ आला. गुरुजींनी माईकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावे!"

कोण घेऊन येणार?

आई माझ्याकडे धावत आली. "दादाचा फोन लागत नाही. वाटेत असेल. दहा मिनिटं थांब."

"आई, पत्रकात काय छापलंय?"

"चुलीत गेलं पत्रक! त्याने आयुष्यात एवढं एकच मागितलंय!"

ताई आतून म्हणाली, "मामा आल्याशिवाय मी बाहेर येणार नाही." आवाज बारीक होता, पण ठाम होता. मी एकदम गडबडले. खरं सांगते, तेव्हा मी थांबलेही असते. पण तेवढ्यात आत्याबाई आल्या. "मुहूर्त टळता कामा नये! आधीच तुमचं सगळं उलटसुलट, निदान एवढं तरी पाळा!" आणि त्या चक्क माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. एका बाजूला मी, मुहूर्ताची वैरी. दुसऱ्या बाजूला आत्याबाई, मुहूर्ताच्या मालकीण. आणि दोघींची मागणी एकच! इतकी भक्कम युती नगरच्या राजकारणातही मी पाहिलेली नाही.

"मग आणणार कोण हिला?" आई रडकुंडीला आली.

इथे माझ्यातल्या पत्रकाने उसळी घेतली. "मामाच का? बाईने का आणू नये? बहिणीने का आणू नये? मी आणते!"

आणि मी ताईचा हात धरला. ती निघाली, कारण आत्याबाईंनी दुसरा हात धरला होता. मांडवात जाईपर्यंत ती तीनदा मागे वळून दाराकडे बघत होती. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, पडद्यावर बारा पस्तीस झळकले, अक्षता पडल्या. टाळ्या! लग्न मिनिटासकट वेळेवर! तीनशे लोकांनी आपापली घड्याळं माझ्या घड्याळाशी जुळवलेली आणि मी व्यासपीठावर छाती पुढे काढून उभी. सगळ्यांची एकच पंगत बसली. मसालेभात वाढला गेला. जिलेबी आली.

आणि दारात टेम्पो थांबला.

टेम्पोतून मामा उतरला. जरीचा केशरी फेटा, पांढराशुभ्र सदरा, पायात नवे करकरणारे जोडे. मागून मामी आणि गावची पंधरावीस माणसं. मामाने मनगटावरच्या घड्याळात बघितलं, मिशीवर हात फिरवला आणि दिग्विजय करून आल्यासारखा दारातून आत आला. आत पंगत बसलेली. तो थबकला. दारातला नवरा-नवरीच्या नावांचा फुलांचा फलक न वाचताच तो मामीला म्हणाला, "आपलं चुकलं. हे दुसऱ्यांचं लगीन हाय. आपलं आजून लागायचंय." आणि वळून टेम्पोकडे चालायला लागला!

"दादा!" आई पंगतीतून धावली. "अरे, इथंच! आपलंच!"

"आपलं कसं? आपल्याला टाइम हाय की आजून. हे बग." त्याने घड्याळ पुढे केलं. आईने बघितलं. बाबांनी बघितलं. मामीने मोबाईल काढून बघितला. गावच्या माणसांनी आपापले मोबाईल काढले. सगळ्यांत एकच वेळ. मुहूर्ताला अजून अवकाश!

नेमकी त्याच क्षणी लाईट आली. कुणीतरी जनरेटर बंद केला. पडदा एकदा लुकलुकला आणि त्यावर पुरुषभर उंचीचे चार नारिंगी आकडे उजळले: शून्य, शून्य, शून्य, शून्य.

आणि डोक्यावरचे पंखे हळू झाले. मघाचे वादळी पंखे एकदम आमच्या घरातल्या पंख्यांसारखे साधे, शहाणे फिरायला लागले. मी वर बघितलं आणि मघा डोक्यात न पडलेला प्रकाश आता पडला. जनरेटर जास्त वेगाने पळत होता. पंखे जोरात फिरत होते ते त्यामुळेच, आणि माझं घड्याळ मोजत होतं ते जनतेचे नाही, त्या पिसाळलेल्या जनरेटरचे हेलकावे! सेकंदाला पन्नासच्या जागी पाचेक जादा! सकाळपासून ते भरभर धावत होतं. मी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न वीस मिनिटं आधी लावून टाकलं होतं. आपल्याकडे लग्न उशिरा लागल्याची उदाहरणं गावोगाव सापडतील. आधी लागल्याचं हे पहिलंच!

मामाला हे समजावून सांगायला मी पुढे झाले. "मामा, त्याचं असं झालं, विजेचे हेलकावे..."

त्याने ऐकून घेतलं. मग ताईकडे बघितलं. तिच्या गळ्यात हार, कपाळावर मुंडावळ्या, डोळे भरलेले. मामा वळला. बाहेर गेला, टेम्पोच्या फळीवर बसला आणि फेटा काढून मांडीवर ठेवला.

आई मागे गेली. "दादा, दोन घास खाऊन घे."

"न्हाई. भूक न्हाई."

"अरे, पोरीची चूक झाली."

"पोरीची काय चूक? माजीच." तो फेट्याची जर चाचपत होता. "जलमभर उशीर केला. तवा समदे थांबले. कुनी काय बोललं न्हाई. आज म्हनलं, पोरीनं फोन करून सांगितलंय, आज काय बी करून येळेच्या आदी जायाचं. ऊन पडायच्या आदी आंगूळ केली. आन आज कुनी थांबलंच न्हाई."

मी टेम्पोमागे उभी राहून हे ऐकत होते. ताईही मागून आली होती. ती मला एवढंच म्हणाली, "मुक्ता, काहीतरी कर."

मी धावत गुरुजींकडे गेले. "गुरुजी, पुन्हा लावा लग्न."

गुरुजींच्या हातातून जिलेबी निसटली. "एकदा लागलेलं लग्न पुन्हा? असं कुठं असतं का?"

सागर म्हणाला, "माझी हरकत नाही, मी कितीही वेळा करीन," पण त्याला कोण विचारतंय? आत्याबाई कडाडल्या, "दोनदा लग्न? अशुभ! माझ्या घरात असलं काही चालणार नाही!" पाहुणे मसालेभातात रमले होते. मुहूर्त, खरा मुहूर्त, जवळ येत होता. आणि तो टळला की मामाला मांडवात आणायला कोणतंच कारण उरणार नव्हतं.

मग मी जे केलं, ते मी शुद्धीत असताना केलं. मी माईक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो! खाणं थांबवा! हे लग्न लागलेलं नाही!"

तीनशे हात ताटात थांबले.

"मुहूर्त बारा पस्तीसचा होता! आपण लग्न लावलं ते त्याच्या आधी! म्हणजे कुमुहूर्तावर!" (हा शब्द माझ्याच तोंडून आला. मी स्वतः चमकले.) "ग्रहांची तयारी नसताना! नक्षत्र जागेवर नसताना! अशा लग्नाला काय अर्थ? खरा मुहूर्त अजून यायचाय! तो आपल्यासाठी थांबणार नाही! आपल्या पूर्वजांनी मिनिटासकट काढून दिलेला मुहूर्त आपण भातासाठी घालवणार आहोत का? उठा! जागे व्हा! अक्षता उचला!"

कुठून सुचत होतं, देव जाणे. (हेही मी एरवी म्हणत नाही.) बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्याकडे बघत राहिले.

पण आत्याबाई! त्या उभ्याच राहिल्या. "म्हणजे? माझ्या पोराचं लग्न मुहूर्ताआधी लागलं? ते झालं लग्न धरायचंच नाही! ते नाहीच! गुरुजी, अंतरपाट! कोण जेवतंय ते? उठा!"

त्यांचा आवाज माईकशिवाय माझ्यापेक्षा मोठा होता. अख्खी पंगत उठली. अक्षता संपल्या होत्या, आचाऱ्याने पोत्यातले तांदूळ परातीत ओतून दिले. आत्याबाई स्वतः तरातरा बाहेर टेम्पोपर्यंत गेल्या आणि मामासमोर उभ्या राहिल्या. "अहो मामा! नवरीला मांडवात आणायचं सोडून इथं काय बसलात? मुहूर्त निघून चालला! तुम्ही नेहमी असेच उशीर करता का हो?"

मामाने मान वर केली. डोळे पुसले. फेटा घाईघाईने बांधला, तो एका कानावर आला. ताईने त्याचा हात धरला होता की त्याने तिचा, कुणास ठाऊक, पण दोघं मांडवात आले तेव्हा लोक भाताच्या हाताने टाळ्या वाजवत होते. घड्याळ मी प्लगातून उपटून ठेवलं होतं. गुरुजी आता वेळ बघत होते ती मामाच्या मनगटावर. एका हातात अक्षता, दुसऱ्यात जिलेबी अशा अवस्थेत तीनशे लोकांनी दुसऱ्यांदा मंगलाष्टकं ऐकली. मामा ताईच्या पाठीशी ताठ उभा. शेवटच्या 'सावधान'ला त्याने इतक्या मोठ्याने हुंदका दिला की सागरने दचकून हार आधीच घातला.

नंतरच्या पंगतीत मामाने मला शेजारी बसवलं आणि माझ्या ताटात स्वतःची जिलेबी टाकली. "मुक्ते, भाषान लई झ्याक केलंस. म्या तर म्हनतो, हेच करत जा."

हेच तर दुखणं आहे! त्या भाषणाचा व्हिडिओ आत्याबाईंनी सगळ्या राहाता तालुक्यात फिरवलाय. परवा आमच्या गल्लीत मी मुहूर्ताविरुद्धचं नवीन पत्रक वाटत होते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "पत्रक असू दे गं. वास्तुशांतीला कोणता दिवस घेऊ तेवढं सांग."

"काकू! माझा या गोष्टींवर विश्वास नाही!"

"असं कसं? त्या दिवशी किती मनापासून बोललीस!"

मी पत्रकांचा गठ्ठा काखेत मारला. काय सांगणार? इतकी वर्षं चौकाचौकांत घसा फोडून बोलले, एक माणूस कधी चहाचा कप खाली ठेवून उभा राहिला नाही. माझ्या एका शब्दाखातर तीनशे माणसं भरल्या ताटावरून उठली ती एकदाच, आणि तीही मुहूर्त पाळायला!